उसवलेला पट्टा

आमच्या राजाच्या गावात, मुशेंगेत, अजूनही लोक सांगतात की थोरले गेले तेव्हा त्यांच्या बायकांनी प्रेत अडवून धरलं. सांगणारे बहुतेक पुरुष असतात, आणि सांगताना नाकाला हात लावतात, म्हणजे वास किती आला असेल ते ऐकणाऱ्याला कळावं. वास आला. मी नाही म्हणत नाही. पण प्रेत आम्ही अडवलं नव्हतं. ज्यांनी त्यांच्या कमरेचा पट्टा काढून नेला त्यांनी ते अडवलं होतं, आणि त्यांची नावं या गोष्टीत कुणी घेत नाही. मी घेणार आहे.

मी मिकोबी. थोरल्या राजाच्या बायकांपैकी एक, ना पहिली ना शेवटची. नवऱ्याचं नाव आम्ही घेत नाही, म्हणून थोरले म्हणते. आमच्याकडे राजाचा पोशाख राजाबरोबर जमिनीत जातो. मण्यांचे हातमोजे, कवड्यांचे जोडे, हनुवटीला बांधायची मण्यांची दाढी, गरुडाची पिसं, सगळं. नव्या राजाने स्वतःचा पोशाख नव्याने करवून घ्यायचा आणि स्वतःची गाठ, म्हणजे आपली खूण असलेली नक्षी, निवडायची. पलीकडे आधीचे सगळे राजे बसलेले असतात, आणि नवा आलेला कोण हे ते तोंडाकडे बघून ओळखत नाहीत, पोशाखाकडे बघून ओळखतात. गोऱ्यांच्या कोटात पुरलेला माणूस आमच्या लेखी नागडाच गेला.

थोरल्यांची गाठ त्यांच्या पट्ट्यावर होती. एक पदर दुसऱ्याखालून जातो, वळतो, तिसऱ्यावरून परत येतो, आणि टोक कुठे आहे ते बोट फिरवूनही सापडत नाही. राफियाच्या, म्हणजे पानांच्या धाग्याच्या, कापडावर निळे-पांढरे मणी, आणि कडेने कवड्या एकीला एक लागून. तो आम्ही बायकांनी आतल्या अंगणात शिवला. सुरुवात केली तेव्हा माझी मुलगी रांगत होती, आणि शेवटची कवडी लागली तेव्हा तिच्यासाठी मागणी आली होती. संध्याकाळी थोरले येऊन बसत आणि विचारत, "तुम्ही मला सजवताय की बांधून ठेवताय?" सगळ्यांत मोठी न्गोकाडी मान वर न करता म्हणे, "दोन्ही. एरवी तुम्ही आमच्या हाती कुठे लागता?" मग ते पोट हलेपर्यंत हसत. राजा हसलेला बाहेर कुणी पाहिला नसेल. पोशाख घातला की त्यांना पापणीही हलवायची मुभा नसे.

ते गेले ते कोरड्या ऋतूत, थोड्याच आजाराने. आमच्याकडे गादी बहिणीच्या मुलाकडे जाते, तशी ती शोंगामकडे जायची ठरली. पोशाख नव्या राजाला मिळत नाही, पण बायका मिळतात. मला त्याबद्दल काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगत बसले नाही.

राजाला शेवटचा पोशाख घालणं हे मानकऱ्यांचं काम. त्यांत भांडारी मिंगाशांग मुख्य. वाड्यातल्या प्रत्येक मण्यावर त्याची नजर आणि प्रत्येक ताडीच्या मडक्यात त्याचा हात. तयारी झाली की बायकांना आत बोलावतात. प्रत्येक राजा गादीवर बसताना स्वतःचं गाणं रचतो, त्यात त्याची सगळी बिरुदं असतात. ते गाणं त्याच्या बायकाच म्हणतात, आणि त्या शेवटचं म्हणून संपवल्याशिवाय राजाला जागेवरून उचलत नाहीत. त्यानंतर ते गाणं परत कुणाच्या ओठांवर येत नाही.

आम्ही आत गेलो. थोरल्यांना भिंतीला टेकून बसवलं होतं. अंगाला लाल लाकडाची पूड चोळलेली, डोक्यावर पिसं, हातात तलवार. मला रडू आवरेना. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले आणि डोळे पुसायला मान खाली घातली, तर समोर पट्ट्याचं टोक. नागमोडी रेघा. जाड, एकसुरी, कुणीही काढाव्यात अशा. ही गाठ त्यांची नव्हती. आणि ती कुणाची, हे मला ओळखायला वेळ लागला नाही, कारण प्रत्येक सणाला तो पट्टा मिंगाशांगच्या पोटावर हिंदकळताना आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

मी न्गोकाडीला कोपराने ढोसलं. तिला एव्हाना फारसं दिसेनासं झालं होतं. तिने हात पुढे केला आणि राजाच्या कमरेवरून बोटं फिरवली. राजाच्या अंगाला बाईने असा हात लावायचा नसतो. कोपऱ्यातल्या मानकऱ्यांपैकी एक खाकरला. न्गोकाडीने हात काढला नाही.

"मामा," ती मिंगाशांगला म्हणाली, "हा तुमचा पट्टा आहे."

आणि या माणसाने छाती पुढे काढली. खोटं बोलला असता, घाबरला असता, तरी मी समजले असते. त्याला अभिमान वाटत होता. "माझाच आहे," तो म्हणाला. "माझ्या मरणासाठी राखून ठेवलेला. मी मेल्यावर काय बांधतील याचा विचारसुद्धा केला नाही, सोडून दिला राजासाठी. दुसऱ्या कुणी दिला असता का, सांगा."

न्गोकाडीने विचारलं की मग थोरल्यांचा कुठे आहे. त्यावर त्याने जे सांगितलं ते असं. सरकारी ठाण्यावरच्या बेल्जियन साहेबाने निरोप पाठवलाय. तो स्वतः येऊन नव्या राजाच्या छातीवर सरकारी पदक लावणार, फोटो काढणार, आणि दिवस त्याने आधीच ठरवलाय. शोंगामला त्या दिवशी राजासारखं दिसायला हवं. मणी आणायला पाठवलेली बोट नदीला पाणी नाही म्हणून खालीच अडकलीय. मग पट्टा आणायचा कुठून? थोरल्यांच्या गाठीचा पट्टा शोंगामला बांधता येत नाही, तेवढं मिंगाशांगलाही कळत होतं. म्हणून तो मागच्या अंगणात उसवायला दिला होता. मणी आणि कवड्या सुट्ट्या करून त्यांच्यातून नवी गाठ शिवणार होते. मातीखाली कोण बघतंय, असंही तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मातीखाली कोण बघतंय, हे तो राजाचा भांडारी म्हणतो! मातीखाली जे बघतात त्यांच्यासाठीच तर हा सगळा पसारा. जिवंतपणी तो पोशाख थोरल्यांनी किती वेळा घातला असेल? तो त्यांना मेल्यावर घालायचा होता. आणि आता ते पलीकडे जाणार, सगळे जुने राजे समोर बसलेले असणार, आणि कुणीतरी विचारणार की हा भांडारी इथे कसा आला.

मी उठले आणि मागच्या अंगणात गेले. तिथे बायकांनी पाऊल टाकायचं नसतं. टाकलं. भांडाराचे तीन गडी मांडी घालून बसले होते. एकाच्या मांडीवर पट्टा, दुसऱ्याच्या हातात सुरी, तिसरा लाकडी वाट्यांमधून निळे आणि पांढरे मणी वेगळे करत होता. पट्ट्याच्या एका भागाचं नुसतं कापड झालं होतं. तुटके दोरे जमिनीवर सांडले होते. त्या दोऱ्यांना मेण आम्ही लावलं होतं, माझ्या मांडीवर त्याचे घट्टे अजून होते. सुरीवाला मला बघून म्हणाला, "बाई, तुम्ही लोकांनी फारच घट्ट शिवलंय, आमची बोटं गेली." मी त्याच्या हातावर मारलं आणि पट्टा ओढला, पण बाकीच्या दोघांनी मला दंडाला धरून अंगणाबाहेर काढलं. मुठीत चार कवड्या राहिल्या तेवढ्या.

मी आत जाऊन त्या न्गोकाडीच्या तळहातावर ठेवल्या आणि काय पाहिलं ते सांगितलं. तिने कवड्या मुठीत आवळल्या. मग अंगावरचं कापड ओढून तोंडावर घेतलं आणि ती गप्प बसली. दुसरीने घेतलं, तिसरीने घेतलं. आम्ही काही ठरवलं नव्हतं. एवढ्या सवती, एरवी मडक्यावरून भांडणाऱ्या, सगळ्यांनी तोंडं झाकली आणि भिंतीला पाठ लावली.

मिंगाशांगला आधी कळलंच नाही. आम्ही रडतोय असं त्याला वाटलं, आणि त्याने आमचं सांत्वन केलं. मग म्हणाला, गा आता, ऊन वाढतंय. कुणी गायलं नाही. त्याने परत सांगितलं, मग दरडावून सांगितलं. पुरुषांना वाटतं बायकांचं गाणं म्हणजे ओढ्याचं पाणी, ते आपोआप वाहत असतं, ते कुणाला सोडावं लागत नाही.

मग त्याने काय केलं असेल? स्वतःच्या घरच्या बायका बोलावल्या. थोरल्यांचं गाणं गावातल्या सगळ्यांनी लांबून ऐकलेलं, तेव्हा जमेल असा हिशोब. बिचाऱ्या आल्या, एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. पहिलं बिरुद बरोबर म्हणाल्या. दुसऱ्याच्या जागी चौथं आलं. मेलेल्या राजाला त्याच्या तोंडावर चुकीच्या नावाने हाक मारली हे ध्यानात आलं तशी त्यांच्यातली मोठी किंचाळली आणि सगळ्या चपला सोडून पळाल्या. मी कापडाखाली हसले. तेवढ्या दुःखातही हसले, आणि थोरलेही हसले असते.

दुपारपर्यंत मानकऱ्यांची आपसात जुंपली. एक म्हणे देऊन टाका पट्टा, दुसरा म्हणे साहेब चिडला तर नवा राजाच मान्य करायचा नाही. शोंगाम गावाबाहेर थांबला होता, कारण नव्या राजाने जुन्याचं प्रेत बघायचं नसतं. त्याच्याकडे माणूस गेला आणि निरोप घेऊन आला. ज्या बायका गाणार नाहीत त्यांना डोकं भादरून, अंगावरचं कापड काढून घेऊन, आपापल्या मामांच्या घरी हाकलून देण्यात येईल.

आमच्यातल्या दोन-तीन जणींनी कापड खाली घेतलं. त्या लहान होत्या, त्यांच्या पदरात पोरं होती, मी त्यांना दोष देत नाही. कुठल्या मामाला अशी भाची दारात हवी असते? पण न्गोकाडीने तोंडावरचं कापड काढलं आणि ती त्या निरोप्याकडे वळली. पहाटेपासून ती पाण्याच्या घोटाशिवाय बसली होती आणि तिचा आवाज फुटत नव्हता.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आम्हाला हाकलून दे. पण मग तुझं गाणं कोण म्हणेल तेही आजच बघून ठेव. थोरल्यांचं गाणं आम्ही म्हटलं नाही तर ते इथेच बसून राहतील, आणि ते बसलेत तोवर तू राजा नाहीस. साहेबाला सांग, दोन राजे आहेत, कुणाला पदक लावतोस ते ठरव."

निरोप्या गेला. परत आला तो सरळ मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळाने मागच्या अंगणातून टोपली आली, वरती तो पट्टा, खाली सुटे मणी, निळे आणि पांढरे एकत्र कालवलेले. वाट्यांमध्ये निवडून ठेवलेले होते ते कुणीतरी मुद्दाम एकत्र केले होते. शेवटपर्यंत खोड गेली नाही.

आम्ही तिथेच, थोरल्यांच्या पायाशी बसून शिवायला घेतलं. कुणी मणी निवडले, कुणी दोऱ्याला मेण लावलं. गाठीचं वळण मला पाठ होतं, म्हणून पदर मी धरले. न्गोकाडी कडेच्या कवड्या लावत होती, बोटांनी चाचपून, तोंडात दोरा धरून. ऊन भिंतीवर चढलं आणि उतरलं. माश्या आल्या. दोघी जणी पिसांच्या पंख्याने त्यांना हाकत राहिल्या. हो, वास आला. ज्यांना वासाचं फार वाटतं त्यांनी ध्यानात ठेवावं की मानकरी नाकाला कापड लावून दाराबाहेर उभे होते आणि आम्ही आत होतो. मधेच माझ्या मनात आलं, हा माणूस माझा नवरा होता, याच्या मांडीवर माझी पोर झोपायची, आणि आज याच्यासमोर मला घाई करावी लागतेय कारण कुणा साहेबाला फोटो हवाय. मला इतका राग आला की सुई बोटात गेली. एका जागी गाठ नीट बसली नाही, दोन पदर जरा ताणलेले राहिले. तेवढं थोरल्यांनी समजून घेतलं असेल.

दिवस मावळायच्या आत पट्टा बांधून झाला. मिंगाशांगचा काढून बाजूला ठेवला. मग आम्ही तोंडावरची कापडं काढली आणि गायलो, पहिल्या बिरुदापासून शेवटच्यापर्यंत, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता. न्गोकाडीचा आवाज मधेच गेला तिथे मी उचलला. मग त्यांना नेलं.

साहेबाच्या दिवशी शोंगाम नुसत्या कापडात बसला, कमरेला साधा राफियाचा गोफ. साहेब आला, त्याने पदक लावलं, तीन पायांच्या खोक्यामागे डोकं घालून फोटो काढला. दुभाष्याने मोठ्याने सांगितलं की साहेब खूश आहेत, असा भव्य पोशाख त्यांनी जन्मात पाहिला नाही. मी ऐकलं आणि मला थुंकावंसं वाटलं. त्याला फरकच कळला नव्हता. शोंगामच्या कमरेला ताडाची दोरी बांधली असती तरी त्याला भव्यच वाटलं असतं. आणि याच्यासाठी थोरल्यांना भांडाऱ्याच्या पट्ट्यात पुरणार होते. मिंगाशांग त्या दिवशी पोटावर कापड धरून मागच्या रांगेत उभा होता. मेलेल्या माणसाच्या अंगाला लागलेली वस्तू परत घेता येत नाही, त्यामुळे त्याचा पट्टाही त्याच खड्ड्यात गेला होता. मला त्याची दया आली नाही.

त्यानंतर न्गोकाडीने अंथरूण धरलं. खोकला लागला तो उतरेना. तिची बहीण तिची पेटी उघडून तिचं मरणाचं लुगडं बघायला बसली, कारण आमच्यात प्रत्येक बाई आपलं लुगडं हळूहळू भरून ठेवते, तुकड्याला तुकडा जोडत, पुरायच्या दिवसासाठी. पेटीत निघाले ते दोन भरलेले तुकडे आणि बाकी कोरं कापड. कमरेला एक वेढासुद्धा झाला नसता. बहिणीने मला बोलावून ते दाखवलं आणि विचारलं, "इतकी वर्षं तिने तिथे केलं काय?" तिने काय केलं ते मातीत गेलं होतं, आणि माझं स्वतःचं लुगडंही तिच्याइतकंच अर्धं होतं.

त्याच आठवड्यात मण्यांची बोट आली आणि शोंगामने आम्हाला बोलावलं. आता तो राजा होता आणि आम्ही त्याच्या बायका. टोपल्या भरून मणी समोर ठेवलेले, शेजारी मिंगाशांग उभा. शोंगामने आपली गाठ दाखवली, चटईच्या तुकड्यावर कोळशाने काढलेली. चांगली होती, अवघड होती. पट्टा आजपासून शिवायला घ्या, मिंगाशांग म्हणाला, हयगय चालणार नाही.

शोंगामने त्याला हाताने थांबवलं आणि बाहेर जायला सांगितलं. मग तो बराच वेळ मण्यांशी चाळा करत राहिला. मी त्याला लहानपणापासून पाहिलेला, थोरल्यांच्या अंगणात आंबट फळं चोरणारा. त्याने आम्हाला नागडं करून हाकलायची धमकी दिली होती, आणि मी ती विसरले नव्हते. तो माझ्याकडे न बघता बोलला.

"माझ्या वेळेलाही अशाच बसाल का?"

तो घाबरला होता. पदक लावलेला, नवा कोरा राजा, आणि त्याला कळून चुकलं होतं की एक दिवस तोही भिंतीला टेकून बसलेला असेल, हलता येणार नाही, बोलता येणार नाही, आणि शेजारी कुणीतरी मिंगाशांग उभा असेल. मला त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं. पण राग त्याहून मोठा होता.

"बसू," मी म्हटलं. "पण आधी न्गोकाडीचं लुगडं. आम्ही सगळ्या जणी तेच भरणार, ते पुरं होईपर्यंत तुमच्या पट्ट्याला कुणी सुई लावणार नाही. त्यानंतर आमची प्रत्येकीची लुगडी आणि तुमचा पट्टा बरोबरीने चालतील, एक दिवस तुमचा, एक दिवस आमचा. वेळ लागेल. तोवर तुम्हाला मरता येणार नाही."

राजाला असं कुणी बोलत नाही. मागे बसलेल्या माझ्या सवतींपैकी एकीने माझं कापड ओढलं. शोंगामने वर पाहिलं, आणि मग मण्यांची टोपली स्वतःच्या हाताने बाजूला सरकवून लुगड्याला जागा केली.